अलायन्स : अमेरिकन क्रांतीत शेवटपर्यंत टिकलेलं लढाऊ जहाज

दर्यावर्दी

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या आरमाराचा विषय निघाला की गाडी अमेरिकन कप्तान जॉन पॉल जोन्सवर येते आणि तिथंच थांबते. २३ सप्टेंबर १७७९ ची रात्र, इंग्लंडमधला फ्लॅम्बरो हेडचा किनारा, त्याचं जहाज बोनोम रिशार आणि इंग्रजांचं सेरापिस. त्या लढाईत अलायन्स या जहाजाचं नाव येतं ते एकाच कारणानं, आपल्याच जहाजावर तोफा डागणारं जहाज म्हणून. मला हा अन्याय वाटतो. ज्या जहाजानं पुढं साडेतीन वर्षं त्या देशाचे वकील, सेनापती आणि पैसा अटलांटिकपार ने-आण केला, त्याची ओळख एका बिनसलेल्या कप्तानाच्या तासाभराच्या कृत्यावर का ठरावी? म्हणून हा धागा.

आधी थोडं मागचं. डिसेंबर १७७५ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे बंडखोर अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधीसभेनं, तेरा फ्रिगेटी (मध्यम आकाराची चपळ लढाऊ जहाजं) बांधायचा ठराव केला. युद्ध संपलं तेव्हा त्या तेरातली एकही हातात उरली नव्हती. काही शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून आपणच जाळाव्या लागल्या. रँडॉल्फ मार्च १७७८ मध्ये इंग्रजांच्या यार्मथशी लढताना स्फोट होऊन फुटली. बाकीच्या फ्रिगेटी इंग्रजांनी धरल्या. तेरातली शेवटची ट्रम्बुल ऑगस्ट १७८१ मध्ये पकडली गेली, आणि पकडणारं इंग्रज जहाज होतं आयरिस, म्हणजे पूर्वीची अमेरिकन हॅनकॉक! नवख्या आरमाराची अवस्था समजायला एवढी एक गोष्ट पुरे.

अलायन्स त्या तेरांत नव्हतं, ते नंतरचं. मॅसॅच्युसेट्समधल्या सॉल्सबरीला, मेरिमॅक नदीच्या काठी, विल्यम आणि जेम्स हॅकेट यांनी ते बांधलं. २८ एप्रिल १७७८ ला पाण्यात उतरलं. छत्तीस तोफांची फ्रिगेट, लांबी सुमारे १५१ फूट, रुंदी ३६ फूट. पहिली हॅनकॉक इंग्रजांनी नेली होती म्हणून हिला आधी तेच नाव दिलं होतं. पण त्याच फेब्रुवारीत फ्रान्सशी तह झाला होता. त्याची खूण म्हणून २९ मे रोजी काँग्रेसनं नाव बदलून अलायन्स केलं. त्याच भरात कप्तानही फ्रेंच नेमला, पिएर लांदे. माणूस नवशिका नव्हता, बूगँव्हिल या फ्रेंच सागरसंशोधकाच्या पृथ्वीप्रदक्षिणेत काम केलेला. पण न्यू इंग्लंडच्या खलाशांना त्याच्या हाताखाली काम करायचं नव्हतं आणि भरती काही केल्या पुरी होईना.

पहिलीच कामगिरी मोठी होती. अमेरिकनांच्या बाजूनं लढणारा फ्रेंच सरदार लाफायेत याला फ्रान्सला पोचवायचं होतं, वॉशिंग्टनच्या फौजेसाठी आणखी मदत मागायला. माणसं कमी पडली म्हणून इंग्रज कैदी आणि पळून आलेले इंग्रज खलाशी यांनाच जहाजावर घेतलं. १४ जानेवारी १७७९ ला बॉस्टन सोडलं. तिकडं इंग्लंडच्या राजानं जाहीर केलं होतं की बंडखोरांचं जहाज जे खलाशी इंग्रज बंदरात आणून देतील त्यांना त्या जहाजाची किंमत बक्षीस मिळेल. मग जे व्हायचं तेच झालं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, फ्रान्सचा किनारा जवळ आला असताना, कप्तान आणि अधिकाऱ्यांना मारून जहाज ताब्यात घ्यायचा कट शिजला. तो फुटला कसा? कटवाल्यांनी एका अमेरिकन खलाशाला त्याच्या बोलण्याच्या हेलावरून आयरिश समजून आपल्यात ओढलं. तो आयर्लंडमध्ये बरीच वर्षं राहिलेला होता. त्यानं ऐकून घेतलं, हो ला हो केलं आणि वेळेवर लाफायेतपर्यंत बातमी पोचवली. लाफायेत आणि अधिकारी तलवारी उपसून डेकवर आले. तीसहून जास्त जणांना बेड्या पडल्या. ६ फेब्रुवारीला जहाज ब्रेस्तला लागलं.

आता फ्लॅम्बरो हेड. उन्हाळ्यात जोन्सच्या हाताखाली पाच जहाजांचा छोटा ताफा झाला: बोनोम रिशार, अलायन्स, पॅलास, व्हेंजन्स आणि सर्फ. लांदेला जोन्सचे हुकूम मानायचेच नव्हते. जूनमध्ये रात्रीच्या अंधारात अलायन्स आणि रिशार एकमेकांवर आदळली, तिथपासून दोघांचं बिनसलेलं. सप्टेंबरच्या त्या रात्री चांदणं होतं. रिशार आणि सेरापिस एकमेकांना दोरांनी जखडून, तोफांच्या तोंडाला तोंड लावून लढत होती. अलायन्स बराच वेळ लांबच राहिलं. मग जवळ आलं आणि फैरी झाडल्या. दोन्ही जहाजं एकमेकांत अडकलेली, त्यामुळं मारा दोघांवर झाला. रिशारवरची माणसं ओरडून सांगत होती, ओळखीचे कंदील टांगलेले होते, तरी अलायन्सनं पुन्हा फैर झाडली. जोन्सनं पुढं लांदेवर आरोप केले की हे जाणूनबुजून केलं. माझं मत विचाराल तर माणूस लढाईच्या धुरात गोंधळला, ही सबब पहिल्या फैरीला चालेल. पुढच्यांना नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सेरापिसचा कप्तान पीअर्सन यानं आपल्या अहवालात शरण जायचं एक मोठं कारण दिलं ते हेच की दुसरी फ्रिगेट आपल्याभोवती फिरून मारा करत होती आणि उलट एक तोफही तिच्यावर वळवता येत नव्हती. म्हणजे त्या रात्री अलायन्स नुसतं समोर असणं हेसुद्धा सेरापिस पडायला कारण झालं. रिशार दोन दिवसांनी बुडालं. अलायन्स तरलं.

पुढची गोष्ट मोठी आहे, खाली प्रतिसादांत लिहीत जातो.

मनवा

मस्त धागा, वाचनखूण साठवली. दर्यावर्दीकाका, एक शंका. ज्यांच्याशी लढायचं त्यांच्याच कैद्यांना जहाजावर नोकरी देणं हे काही डोक्यात शिरत नाही. बॉस्टनसारख्या बंदरात खलाशांचा दुष्काळ कसा काय पडला?

दर्यावर्दी

मनवा, प्रश्न अगदी नेमका आहे. बंदरात खलाशी होते, पण ते खाजगी लुटारू जहाजांवर, म्हणजे शत्रूची जहाजं पकडायचा सरकारी परवाना असलेल्या खाजगी जहाजांवर, जात होते. काँग्रेसच्या लढाऊ जहाजानं व्यापारी जहाज पकडलं तर निम्मी किंमत सरकारकडं, निम्मी खलाशांत. शत्रूचं लढाऊ जहाज पकडलं तरच सगळी रक्कम त्यांची. आणि लढाऊ जहाजाशी गाठ म्हणजे जिवाशी गाठ. खाजगी जहाजावर सरकारचा वाटा नाही, शिस्त ढिली, सफर छोटी आणि पकडायची ती साखरेनं भरलेली गलबतं. शिवाय सरकारी पगार कागदी डॉलरमध्ये, ज्याची किंमत महिन्यागणिक घसरत होती. बायकापोरं असलेला खलाशी कुठं जाईल? ही अडचण अलायन्सची एकट्याची नव्हती, सगळ्या आरमाराची होती. अलायन्सला मात्र ती दोनदा भोवली. दुसऱ्या कटाचं येतंच पुढं.

विजयदुर्गकर

लिहीत राहा, वाचतोय. एक जोड देतो. अलायन्स बॉस्टनहून सुटलं तो जानेवारी १७७९ चा मध्य. त्याच दिवसांत इकडं वडगावला मराठ्यांनी इंग्रजांची फौज कोंडली होती आणि इंग्रजांना तह लिहून द्यावा लागला. दोन्हीकडं शत्रू तोच, आणि दोन्हीकडं फ्रेंचांकडून आशा. सँ लुबँ हा फ्रेंच वकील १७७७ मध्ये पुण्यात नाना फडणीसांकडं येऊन बसला होता. अमेरिकनांना फ्रेंच आरमार मिळालं. पुण्याच्या पदरात फारसं काही पडलं नाही. नानांनी त्या काळात काय विचार केला असेल हे मला नेहमी जाणून घ्यावंसं वाटतं.

दर्यावर्दी

विजयदुर्गकर, चांगली आठवण दिलीत. थेट संबंध नाही, पण इंग्रजांना एकाच वेळी किती ठिकाणी जहाजं आणि पैसा पुरवावा लागत होता हे त्यावरून कळतं.

तर पुढं. फ्लॅम्बरो हेडनंतर ताफा ३ ऑक्टोबरला हॉलंडच्या टेक्सलला गेला. हॉलंड तटस्थ, इंग्रजांचा दबाव, बाहेर इंग्रज जहाजं पाळत ठेवून. शेवटी बाकीची जहाजं फ्रेंच निशाणाखाली गेली आणि जोन्सनं अलायन्स आपल्याकडं घेतलं. २७ डिसेंबर १७७९ ला वारा साधून तो बाहेर पडला तो सरळ इंग्लिश खाडीतून! डाउन्ससमोरून, इंग्रज आरमाराच्या तळांसमोरून अमेरिकन निशाण लावून निघून गेला. स्पेनचं कोरुन्या करून फेब्रुवारी १७८० मध्ये लोरियाँला पोचला. जहाज चालायला किती चपळ होतं त्याचा हा पुरावा.

मग जोन्स पॅरिसला गेला, तिथं मानसन्मान झाले, आणि जूनमध्ये लांदेनं अलायन्स परत बळकावलं. फ्रान्समधला अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँकलिन यानं त्याला साफ मना केलं होतं. पण आर्थर ली हा फ्रँकलिनचा विरोधक मायदेशी परतायला याच जहाजावर होता आणि त्यानं लांदेची बाजू उचलून धरली. वॉशिंग्टनच्या फौजेसाठी नेण्याच्या बंदुका आणि कापड मोठ्या प्रमाणात मागंच राहिलं. माझ्या मते लांदेचा खरा अपराध फ्लॅम्बरोचा नसून हा आहे. तिकडं सैनिक फाटक्या कपड्यांत होते.

त्या सफरीत लांदेचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. न्यूफाउंडलंडजवळच्या उथळ समुद्रात उपाशी खलाशांना मासे धरू देईना. एके दिवशी जेवणाच्या टेबलावर डुकराच्या मांसाचा पहिला तुकडा ली यांनी घेतला म्हणून लांदे सुरी घेऊन त्यांच्या अंगावर गेला, असं नोंदलेलं आहे. म्हणजे ज्यानं त्याला पाठीशी घातलं त्याच्याच अंगावर. शेवटी अधिकारी आणि प्रवासी यांनी मिळून लेफ्टनंट जेम्स डेगच्या हाती जहाज दिलं. १९ ऑगस्टला बॉस्टनला लागलं, पण लांदे कॅबिन सोडेना. त्याला धरून उतरवावं लागलं. नंतर लष्करी न्यायालय बसलं आणि तो नोकरीतून गेला.

हर्षल

म्हणजे दोन वर्षांत एक कट, दोन कप्तान, एक टक्कर, आपल्याच जहाजावर मारा आणि वर कप्तानाला उचलून बाहेर काढणं. अशा जहाजाला पुढं चांगला कप्तान मिळाला हेच आश्चर्य.

दर्यावर्दी

हर्षल, मिळाला. आणि तिथूनच या जहाजाचा खरा इतिहास सुरू होतो. जॉन बॅरी, आयर्लंडमधल्या वेक्सफर्डचा, गरीब घरातला, लहानपणीच समुद्रावर गेलेला. धिप्पाड, शांत, हुकूम मोजून देणारा.

११ फेब्रुवारी १७८१ ला बॅरी बॉस्टनहून निघाला. जहाजावर वॉशिंग्टनचा सहायक जॉन लॉरेन्स होता, फ्रान्सच्या राजाकडं कर्ज आणि मदत मागायला निघालेला. सोबत क्रांतीचा लेखक टॉमस पेन. वाटेत जहाज तरंगत्या बर्फात सापडलं, निभावलं. ४ मार्चला अलर्ट नावाचं इंग्रज खाजगी लुटारू जहाज धरलं. त्या अलर्टनं एक व्हेनिसचं व्यापारी जहाज पकडलेलं होतं. बॅरीनं त्या व्हेनिसवाल्यांना सोडून दिलं, कारण ते तटस्थ देशाचे. खलाशांच्या तोंडचा घास गेला, पण कायदा तो कायदा. ९ मार्चला लोरियाँ.

परतीच्या वाटेवर दुसरा कट. मार्चअखेर लोरियाँ सोडलं आणि दोनेक दिवसांतच एका मूळ अमेरिकन खलाशानं, म्हणजे तिथल्या आदिवासी जमातीतल्या माणसानं, बॅरीला गुपचूप सांगितलं की काही जण अधिकाऱ्यांना मारून जहाज आयर्लंडला न्यायच्या बेतात आहेत. म्होरके तिघे. बॅरीनं त्यांना सगळ्यांदेखत चाबकाखाली काढलं आणि सफर चालू ठेवली. एप्रिलच्या सुरुवातीला मार्स आणि मिनर्वा ही दोन इंग्रज लुटारू जहाजं पकडली. सोबत मार्किस द लाफायेत नावाचं मोठं फ्रेंच जहाज होतं, फौजेच्या कपड्यांनी भरलेलं. वादळात ते दिसेनासं झालं आणि पुढं इंग्रजांच्या हाती लागलं. एवढी धडपड करून मिळवलेले कपडे असे गेले.

१७ मे रोजी वीज पडली. मुख्य डोलकाठीचा वरचा भाग फुटला, परबाण (शीड बांधायचा आडवा वासा) कोसळली, बरीच माणसं भाजली. दुरुस्ती समुद्रावरच. माणसं आधीच कमी, पकडलेल्या जहाजांवर काही पाठवलेली, काही आजारी, काही कैद्यांवर पहारा करण्यात गुंतलेली. अशा अवस्थेत २८ मेला दोन शिडं दिसली.

२९ मे १७८१ ची सकाळ. वारा पूर्ण पडलेला, समुद्र तेलासारखा. समोर इंग्रजांची दोन छोटी लढाऊ जहाजं, अटलांटा सोळा तोफांचं आणि ट्रेपॅसी चौदाचं. एरवी अलायन्ससमोर दोघं मिळूनही टिकली नसती. पण वारा नसला की छत्तीस तोफांची फ्रिगेट जागच्या जागी ओंडका. ती दोघं लहान, त्यांना लांब वल्ही होती. वल्हवत ती अलायन्सच्या पिछाडीला आणि कुशीला येऊन बसली, जिथं अलायन्सच्या बाजूच्या तोफा वळतच नव्हत्या. मागच्या मोजक्या तोफा सोडून काही कामाचं नाही. तासन् तास मार खाणं चाललं. तोफा भरलेल्या, माणसं उभी, आणि नेम धरायला समोर फक्त रिकामा समुद्र.

दुपारी बॅरीच्या डाव्या खांद्यात ग्रेपशॉटचा (एकाच वेळी अनेक उडणाऱ्या छोट्या गोळ्यांपैकी) गोळा बसला. तरी तो बराच वेळ डेकवर उभा राहिला. रक्त फार गेलं तेव्हा खाली नेलं. मग निशाणही गोळ्यानं उडालं आणि इंग्रजांना वाटलं शरण आले. लेफ्टनंट हॅकर खाली जाऊन म्हणाला, माणसं मरतायत, जहाज मोडतंय, निशाण उतरवू का? बॅरीनं साफ नाही म्हटलं. माझ्याशिवाय लढता येत नसेल तर मला वर उचलून न्या, असं तो म्हणाल्याचं सांगतात. हॅकर वर गेला. आणि तेवढ्यात झुळूक आली. शिडं थोडी भरली, सुकाणूला पाणी लागलं आणि अलायन्स हळूहळू वळलं. सकाळपासून भरून ठेवलेली ती सगळी बाजू शेवटी शत्रूसमोर आली. आधी ट्रेपॅसीनं निशाण उतरवलं, मग अटलांटानं. ट्रेपॅसीचा कप्तान लढाईत पडला होता. अटलांटाचा कप्तान एडवर्ड्स बॅरीच्या कॅबिनमध्ये तलवार द्यायला आला. बॅरीनं ती परत केली.

हॅकरवर मी बोट ठेवणार नाही. त्यानं विचारलं ते अवघड घडीला विचारलं आणि नकार मिळाल्यावर वर जाऊन लढला.

मनवा

वारा पडणं आणि झुळूक येणं यावर सगळं ठरावं हे वाचताना जीव वर-खाली झाला. पकडलेल्या दोन जहाजांचं काय केलं?

दर्यावर्दी

ट्रेपॅसीवर कैदी चढवून अदलाबदलीसाठी न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला धाडलं. अटलांटा बॉस्टनकडं निघालं, पण बंदराच्या तोंडाशी इंग्रजांनी परत हिसकावलं. अलायन्स स्वतः ६ जूनला बॉस्टनला लागलं. ट्रम्बुल ऑगस्टमध्ये गेली, म्हणजे त्यानंतर काँग्रेसकडं कामाच्या फ्रिगेटी दोनच उरल्या, अलायन्स आणि डीन.

बॉस्टनवासी

मी इथं बॉस्टनजवळ राहते. चार्ल्सटाउनच्या गोदीत कॉन्स्टिट्यूशन हे जहाज अजून पाण्यात आहे, पाहुण्यांना दाखवायला नेहमी नेते. ते १७९७ चं. पण याच बंदरातून लाफायेत दोनदा अलायन्सवर चढला हे मला ठाऊक नव्हतं. दुसरी सफर कधीची?

दर्यावर्दी

बॉस्टनवासीताई, दुसरी डिसेंबर १७८१ ची. यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आल्यावर लाफायेत घरी निघाला. बॅरीला हुकूम होता की वाटेत कुणाशीही लढायचं नाही, पाहुणा सुखरूप पोचवायचा. बॅरीसारख्याला हे जड गेलं. समोर शिकार दिसायची आणि तोंड फिरवून पुढं जायचं. पण १८ जानेवारीला लाफायेत लोरियाँला उतरला.

इथंच माझा मूळ मुद्दा येतो. अलायन्सच्या नोकरीतली बरीचशी मोठी कामं ही पोचवण्याची आहेत. लाफायेत दोनदा, लॉरेन्स एकदा, आणि शेवटी रोकड. लढाऊ जहाजाचा हिशोब पकडलेल्या जहाजांवरच मांडला तर हे कुठंच दिसत नाही. १७८२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंतची सफर खलाशांच्या दृष्टीनं सगळ्यात फायद्याची झाली. जमैकाहून निघालेल्या ताफ्यातून भरकटलेली साखर-रमची जहाजं हाती लागली. पण देशाच्या दृष्टीनं मला त्याहून हवानाची सफर मोठी वाटते.

१७८३ च्या सुरुवातीला तिजोरीत खडखडाट होता. रॉबर्ट मॉरिस खजिना सांभाळत होता. त्यानं बॅरीला क्यूबातल्या हवानाला धाडलं. तिथं ड्यूक द लोझाँ नावाच्या जहाजावर ७२,००० स्पॅनिश डॉलर होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही जहाजं निघाली. लोझाँ संथ, म्हणून बॅरीनं बरीचशी रोकड अलायन्सवर घेतली. १० मार्च १७८३ ला फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ, केप कॅनाव्हरलच्या आसपास, तीन इंग्रज जहाजांनी गाठलं: अलार्म, सिबिल आणि टोबॅगो. रोकड घेऊन अलायन्स सहज निसटलं असतं. मग लोझाँ सापडलं असतं. बॅरी मागं फिरला आणि सिबिल व लोझाँ यांच्या मधे जहाज घातलं. सिबिलनं लांबूनच मारा सुरू केला. बॅरी तोफा-तोफांपाशी फिरून सांगत होता, मी म्हणेपर्यंत वात लावायची नाही. अगदी पिस्तुलाच्या टप्प्यात आल्यावर हुकूम दिला. सुमारे पाऊण तासात सिबिलच्या तोफा थंडावल्या आणि ते मागं हटलं. लोझाँ सुटलं, पैसे पोचले. अमेरिकेच्या त्या आरमाराची ही शेवटची लढाई. तोवर युरोपात तहाच्या मसुद्यावर सह्या होऊन गेल्या होत्या, फक्त बातमी समुद्रावर पोचली नव्हती.

विजयदुर्गकर

आता मला राहवत नाही. बरोबर त्याच सुमाराला आमच्याकडंही अशीच लढाई झाली. मराठे आणि इंग्रजांमधला सालबाईचा तह मे १७८२ चा, मंजुरीचे कागद फेब्रुवारी १७८३ मध्ये बदलले गेले. आणि ८ एप्रिल १७८३ ला, म्हणजे अलायन्सच्या लढाईनंतर महिन्याभरात, आनंदराव धुळपांच्या आरमारानं रत्नागिरीच्या समुद्रात इंग्रजांचं रेंजर जहाज गाठलं. त्यावर फौजेचे बडे अधिकारी मुंबईहून दक्षिणेकडं निघाले होते. जबरदस्त लढाई होऊन रेंजर पकडलं आणि विजयदुर्गात आणलं. कर्नल हंबरस्टन जखमी झाला होता, तो तिथंच वारला. गंमत म्हणजे जोन्सच्या एका जहाजाचं नावही रेंजर होतं ना?

दर्यावर्दी

हो, पण ते वेगळं. जोन्सचं रेंजर १७८० मध्ये चार्ल्सटनला इंग्रजांनी घेतलं. धुळपांनी घेतलं ते मुंबईच्या कंपनी आरमाराचं. तुमच्या प्रतिसादानं मात्र धाग्याची बैठक रुंदावली. त्याच युद्धातली मोठी शेवटची आरमारी लढाईही हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच झाली, जून १७८३ मध्ये कडलूरला, फ्रेंच सुफ्रँ आणि इंग्रज ह्यूज यांच्यात. तिथंही तहाची बातमी लढाईनंतर आली. बातमी पोचायला सहा महिने लागत होते तेव्हाचं जग हे. धुळपांच्या लढाईवर तुम्ही वेगळा धागा काढाच, आग्रहाची विनंती.

हर्षल

+१, विजयदुर्गकरांनी मनावर घ्याच. आणि युद्ध संपल्यावर अलायन्सचं काय झालं? कॉन्स्टिट्यूशनसारखं जपलं नाही?

दर्यावर्दी

नाही जपलं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

१७८३ मध्ये व्हर्जिनियाहून तंबाखू भरून ॲमस्टरडॅमला न्यायचं ठरलं, पण निघाल्यावर पाणी शिरायला लागलं आणि फिलाडेल्फियाला परतावं लागलं. दुरुस्तीला पैसे नव्हते. काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता, राज्यं देतील ते घ्यायचं. काही सदस्य म्हणत होते, देशाची शान म्हणून तरी हे एक ठेवा. पण १ ऑगस्ट १७८५ ला २६,००० डॉलरला विकून टाकलं. त्या आरमाराचं शेवटचं जहाज. त्यानंतर अमेरिकेकडं एकही लढाऊ जहाज नव्हतं.

आता हे पाहा. त्याच जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अल्जियर्सच्या चाच्यांनी मारिया आणि डॉफिन ही दोन अमेरिकन व्यापारी जहाजं पकडून एकवीस माणसं कैदेत टाकली. ही बातमी पोचेपर्यंत अलायन्स दुसऱ्याच्या मालकीचं झालं होतं. वाचले ते कैदी सुटायला दहा वर्षांच्या वर लागली. पुन्हा सहा फ्रिगेटी बांधायचा कायदा झाला तो मार्च १७९४ मध्ये, याच अल्जियर्समुळं. बॉस्टनवासीताई दाखवतात ती कॉन्स्टिट्यूशन त्या सहांपैकी एक. आणि त्या नव्या आरमाराचा पहिला ज्येष्ठ कप्तान कोण, तर जॉन बॅरी. फिलाडेल्फियात इंडिपेन्डन्स हॉलच्या मागं त्याचा पुतळा आहे.

अलायन्स पुढं रॉबर्ट मॉरिसनंच घेतलं, या वेळी स्वतःच्या व्यापारासाठी. जून १७८७ मध्ये कप्तान टॉमस रीड ते घेऊन चीनला निघाला. नेहमीची वाट जावा-सुमात्रामधून. ती सोडून रीड ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेनं वळसा घालून पॅसिफिकमधून वर गेला, सॉलोमन आणि कॅरोलाइन बेटांजवळून, आणि २२ डिसेंबरला कँटनला पोचला. सप्टेंबर १७८८ मध्ये चहा वगैरे माल भरून फिलाडेल्फियाला परत.

विजयदुर्गकर

एवढा लांबचा वळसा का घेतला असेल हे कोकणातल्या माणसाला लगेच कळतं. डिसेंबरात चीनच्या समुद्रात वारा ईशान्येचा. जावाकडून वर चढायचं म्हणजे सगळं तोंडावर घेऊन. पॅसिफिकमधून पूर्वेकडून आलं की तोच वारा कुशीला मिळतो. आमच्याकडं जुने तांडेल अजून असाच हिशोब करतात, अंतराआधी वारा बघतात.

दर्यावर्दी

नेमकं तेच कारण. रीड परतल्यावर काही आठवड्यांतच वारला. मॉरिसचं पुढं दिवाळं निघालं आणि ज्यानं क्रांतीचा खजिना सांभाळला तो कर्जदारांच्या तुरुंगात गेला. अलायन्सचा सांगाडा डेलावेअर नदीत, फिलाडेल्फियासमोरच्या पेटी आयलंडच्या काठाला टाकून दिला होता. ओहोटीला त्याची लाकडं दिसायची. १९०१ मध्ये नदीचा गाळ उपसताना उरलंसुरलं तेही गेलं.

मनवा

आणि लांदे? फ्रान्सला परत गेला का?

दर्यावर्दी

मधे काही वर्षं गेला, तिथं क्रांतीनंतरच्या आरमारात नोकरीही केली. पण म्हातारपण न्यूयॉर्कमध्ये काढलं. तो काँग्रेसकडं अर्ज करत राहिला, बक्षिसाच्या रकमेसाठी. त्याचा दावा पोकळ नव्हता. १७७९ च्या त्या मोहिमेत पकडलेली तीन इंग्रज जहाजं त्यानं नॉर्वेतल्या बर्गनला धाडली होती. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडं, आणि राजानं ती तिन्ही इंग्रजांना परत देऊन टाकली. त्या रकमेसाठी फ्रँकलिननं डेन्मार्ककडं तक्रार केली, जोन्स स्वतः कोपनहेगनला गेला, त्याच्या वारसांनी अर्ज केले. जोन्स १७९२ मध्ये वारला, दावा मात्र त्याच्यामागं पन्नासहून जास्त वर्षं चालला. जोन्स आणि लांदे आयुष्यभर एकमेकांचे वैरी राहिले, पण या एका बाबतीत दोघंही एकच मागणी करत होते आणि माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं.